मठाधिपती दिवसभर नेमकं करायचा काय? बरी सेंट एडमंड्सच्या सॅमसनच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा: बाराव्या शतकातल्या इंग्लंडवर कादंबरी लिहिणाऱ्या एका वाचकाच्या कथेत बेनेडिक्टाइन मठाचा ॲबट, म्हणजे मठाधिपती, हे मुख्य पात्र आहे. त्याचा दिवस कसा जायचा, आणि तो मनापासून धार्मिक दाखवावा की सत्तेला चटावलेला, असं त्यांनी विचारलंय.

मी मध्ययुगीन युरोपचा इतिहास बरीच वर्षं शिकवला आणि मठांचे वृत्तांत, हिशेब, सनदा वाचण्यात बराच काळ घालवला. त्या अनुभवावरून सांगतो, प्रश्नाचा दुसरा भाग तूर्त बाजूला ठेवा. 'धार्मिक की सत्तालोभी' हा पेच आपल्या काळाचा आहे. त्या काळच्या मठवासीयांना तो असा पडलाच नसता. तुमची खरी अडचण वेगळी दिसते. मठात शिरताना ज्याने स्वतःचं म्हणून पुस्तक किंवा लेखणीसुद्धा ठेवायची नाही हा नियम मान्य केला, त्याच्याच हातात पुढे एका मोठ्या मुलखाचा महसूल, न्यायदान आणि राजाला पुरवायची फौज येते. असा माणूस सकाळी उठून पहिलं काम कोणतं करतो? एवढं कळलं की पात्र आपोआप उभं राहतं.

उत्तर बरंचसं मठावर, देशावर आणि शतकावर अवलंबून आहे, हे आधीच कबूल करतो. फ्रान्समधल्या क्लूनी मठाचा ह्यू १०४९ ते ११०९ अशी साठ वर्षं ॲबट होता आणि त्याच्या हाताखाली युरोपभरचे मठ होते. पॅरिसजवळच्या साँ-दनीचा सुजेर तर राजा दुसऱ्या धर्मयुद्धावर गेलेला असताना फ्रान्सचा कारभार बघत होता. उलट डोंगरात कुठेतरी डझनभर मठवासीयांचं घर चालवणाऱ्या ॲबटला मेंढ्या आणि छपराची गळती यापलीकडे फारसं काही नसायचं. म्हणून मी एकच माणूस घेतो, ज्याच्याबद्दल आपल्याला खरोखर पुष्कळ माहीत आहे: सफोकमधल्या बरी सेंट एडमंड्सचा ॲबट सॅमसन, कारकीर्द ११८२ ते १२११. माहीत असण्याचं कारण त्याच मठातला जोसेलिन. तो सहा वर्षं सॅमसनचा चॅप्लेन, म्हणजे खासगी सेवेतला धर्मोपदेशक, म्हणून रात्रंदिवस त्याच्या सोबत होता आणि त्याने मठाचा वृत्तांत लिहून ठेवला. जोसेलिन सुरुवातीला सॅमसनचा भक्त आहे, पुढे पुढे कुरकुरू लागतो. लेखकाला याहून चांगला साक्षीदार मिळणं कठीण.

आता नियमाकडे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने माँते कासिनोत जी नियमावली लिहिली तिची ७३ प्रकरणं आहेत, आणि त्यातलं दुसरं आणि चौसष्टावं ॲबटबद्दल आहे. ॲबट हा मठात ख्रिस्ताच्या जागी. त्याची आज्ञा सर्वांनी पाळायची, पण प्रत्येक मठवासीयाच्या आत्म्याचा हिशेब शेवटच्या दिवशी त्याने द्यायचा. महत्त्वाच्या कामी सगळ्यांना बोलवायचं, अगदी वयाने लहान असलेल्यांचंही ऐकायचं, निर्णय मात्र त्याचा. गंज खरवडताना भांडंच फुटणार नाही इतपत जपून वागायचं आणि भीतीपेक्षा प्रेम मिळवायचं.

याच नियमावलीत एक छोटीशी फट आहे, आणि पुढचा सगळा इतिहास तिच्यातून आत आला असं माझं मत आहे. छप्पन्नाव्या प्रकरणात ॲबटने पाहुण्यांसोबत जेवावं असं म्हटलंय. बेनेडिक्टच्या डोळ्यांसमोर थकलेले यात्रेकरू असावेत. बाराव्या शतकात पाहुणे म्हणजे बिशप, सरदार, राजाचे न्यायाधीश आणि कधी खुद्द राजा. त्यांना मठवासीयांची डाळ-भाकरी कशी वाढणार? म्हणून ॲबटचं स्वयंपाकघर वेगळं, मग घर वेगळं, मग नोकरचाकर, तबेला आणि हे सगळं चालवायला वेगळी गावं. बरीमध्ये इतका बारीक हिशेब होता की ॲबट मुक्कामी असेल तर बहुतेक पाहुण्यांचा खर्च त्याचा. तो नसेल तर तेरा घोड्यांपर्यंतच्या पाहुण्याला कोठावळ्याने सांभाळायचं, आणि चौदावा घोडा आला की खर्च पुन्हा ॲबटच्या माथी. तुमच्या कादंबरीत फाटकापाशी कोणीतरी घोडे मोजत उभा असू द्या. त्या एका प्रसंगातून मठाचं अर्थकारण वाचकाला कळून जाईल.

उत्पन्नाच्या या दोन थैल्या, एक ॲबटची आणि एक मठसमुदायाची, नीट समजून घ्या, कारण बहुतेक भांडणं त्यांवरूनच होतात. वाटणी करण्यामागे चैनीपेक्षा भीती जास्त होती. मोठ्या मठाचा ॲबट हा राजाचा थेट मांडलिक असे. बरीच्या ॲबटकडून राजाला चाळीस नाइटांची, म्हणजे घोडेस्वार योद्ध्यांची, सेवा येणं होती, आणि पश्चिम सफोकमधल्या साडेआठ 'हंड्रेड'चा, म्हणजे महसुली-न्यायालयीन विभागांचा, कारभार त्याच्याकडे होता. असा मांडलिक मेला की नवा येईपर्यंत त्याची जमीन राजा ताब्यात घेई आणि उत्पन्न खाई. मठवासीयांची गावं वेगळी लावून दिलेली असतील तर निदान त्यांच्या ताटातलं तरी वाचे. आमच्या वर्गात हे सांगताना मी विद्यार्थ्यांना एकच सवय लावत असे: वृत्तांतातला कोणताही प्रसंग वाचा, आधी विचारा की पैसा कोणत्या थैलीतून गेला. साधू-संत आणि लबाड अशी विभागणी लगेच विरघळते.

सॅमसनच्या आधीचा ॲबट ह्यू (क्लूनीचा नव्हे, हा दुसरा) भला होता, पण म्हातारपणी दृष्टी गेली आणि कारभार हातातून सुटला. ११८० मध्ये कँटरबरीच्या यात्रेला जाताना तो घोड्यावरून पडला आणि त्या दुखण्यातच गेला. मागे राहिली कर्जं. एका अधिकाऱ्याने इमारतीच्या दुरुस्तीसाठी नॉरिचच्या ज्यू सावकाराकडून चाळीस मार्क, म्हणजे सव्वीस पौंडांहून थोडे जास्त, व्याजाने घेतले होते. ते वाढत वाढत शंभर पौंड झाले तेव्हा सावकार राजाचं पत्र घेऊन दारात आला आणि बाकीच्यांना पत्ता लागला. हे शक्य झालं कारण जो तो आपापल्या शिक्क्याने खत लिहून देत होता. सॅमसनने गादीवर आल्यावर सगळे शिक्के गोळा करायला लावले, तर तेहतीस निघाले. मग परवानगीशिवाय कोणी कर्ज काढायचं नाही असा हुकूम झाला. त्याने कोणत्या गावाकडून काय येणं आहे याचं एक पुस्तक तयार करवून घेतलं, आणि जोसेलिन म्हणतो की चार वर्षांत त्याला एका पेनीलाही कोणी फसवू शकत नव्हतं. पात्राचा पहिला प्रसंग मी लिहिणार असतो तर प्रार्थनेचा नसता लिहिला. टेबलावर मेणाने माखलेले तेहतीस शिक्के आणि समोर गप्प उभे अधिकारी, असा लिहिला असता.

तो ॲबट झाला कसा, हेही नाट्यमय आहे. गादी सव्वा वर्ष रिकामी होती. त्या काळात मठवासीयांच्या गप्पा रंगायच्या त्या विशेषतः रक्त काढण्याच्या दिवसांत. आरोग्यासाठी ठरावीक काळाने रक्त काढून घेत, तेव्हा शिस्त जरा सैल असे, आणि जोसेलिनच्या मते मनातलं तेव्हाच बाहेर पडे. अमका विद्वान आहे पण तापट, तमका साधा आहे पण काही येत नाही. एकाने तर विद्वानांपासून प्रभू आमची सुटका करो, अशी प्रार्थनाच सुचवली. अखेर फेब्रुवारी ११८२ मध्ये प्रायर, म्हणजे ॲबटखालचा मुख्य अधिकारी, आणि बारा मठवासी राजा दुसऱ्या हेन्रीपुढे वॉल्थमला हजर झाले. राजाने आधी तीन नावं मागितली, मग आणखी तीन, मग बाहेरच्या मठांतली तीन. गाळता गाळता उरले दोघे, प्रायर आणि सॅमसन. राजाने सॅमसनला मान्यता दिली, वर चुकलात तर तुमच्याशी गाठ माझ्याशी आहे असा दमही दिला. सॅमसन राजाच्या पायाशी वाकला, पायांचं चुंबन घेतलं, झटकन उठला आणि ताठ मानेने स्तोत्र गात वेदीकडे गेला. चेहऱ्यावर रेषही हलली नाही. राजा म्हणाला, या गृहस्थाला आपण या पदाला लायक आहोत असं वाटतंय खरं. मठवासी निवडतात पण राजा मान्यता देतो, हा ताण सॅमसनच्या पूर्ण कारकिर्दीत जाणवत राहतो.

तो दिसायचा कसा, तेही जोसेलिनने लिहिलंय. मध्यम उंची, जवळजवळ टक्कल, मोठं नाक, जाड ओठ, आरपार बघणारे डोळे. दाढी तांबूस, डोक्यावरचे उरलेसुरले केस काळे. चौदा वर्षांत सगळं पांढरंशुभ्र झालं. थोडी सर्दी झाली की आवाज बसे. दूध-मध असे गोड पदार्थ आवडत, जेवणाची कुरकुर करणारे आवडत नसत. पॅरिसमध्ये शिकलेला, फ्रेंच आणि लॅटिनमध्ये पटाईत, पण लोकांना प्रवचन द्यायचा ते नॉरफोकच्या गावठी बोलीत, कारण जन्म तिकडचा. पॅरिसला असताना एका गरीब चॅप्लेनने पवित्र जल विकून मिळवलेल्या पैशांवर त्याला पोसलं होतं. ॲबट झाल्यावर सॅमसनने त्या माणसाला बोलावून उत्पन्नाची सोय करून दिली. पुढे त्याने बरीत दगडी घरं विकत घेऊन शाळेला दिली, गरीब विद्यार्थ्यांना भाडं पडू नये म्हणून. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात.

आता दिवस. साधा मठवासी मध्यरात्रीनंतर उठून रात्रीची प्रार्थना म्हणे, दिवसभरात आणखी सात वेळा गायनमंडपात जाई, आणि आठवड्याभरात दीडशेच्या दीडशे स्तोत्रं पुरी होत. सकाळी सगळे सभागृहात जमत, नियमावलीचा एखादा भाग वाचला जाई, चुका कबूल होत, शिक्षा होत, कामकाज ठरे. ॲबट मुक्कामी असला की तिथे तोच अध्यक्ष. पण वर्षाचा मोठा भाग तो मुक्कामी नसेच. एका गावाहून दुसऱ्या गावच्या वाड्यावर घोड्यावरून जायचं, धान्य, गुरं, इमारती बघायच्या, कुळांचे तंटे ऐकायचे, सभांसाठी लंडनला जायचं. पोपने त्याला निवडीनंतर काही महिन्यांतच धर्मन्यायाधीश नेमलं. कायद्याचं शिक्षण नव्हतं, तेव्हा त्याने दोन जाणकार कारकून ठेवले आणि फावल्या वेळात स्वतः चर्चचा कायदा वाचला. कोणीतरी हरलेल्या पक्षकाराने शाप दिला की या ॲबटच्या न्यायालयाचं वाटोळं होवो, इथे सोनं-चांदी देऊनही विरोधकाला बुडवता येत नाही. एवढं मोठं प्रशस्तिपत्र त्याला दुसऱ्या कोणी दिलं नसेल.

गावच्या वाड्यांवर तो मठापेक्षा जास्त खुशीत असे. हे जोसेलिनला खटकलं आणि त्याने तोंडावर सांगितलंही. त्याने उद्यानं केली, त्यांत हरणं सोडली, शिकारी आणि कुत्रे ठेवले. मोठा पाहुणा आला की जंगलातल्या मोकळ्या जागी मठवासीयांना घेऊन बसे आणि कुत्र्यांची धाव बघे. शिकारीचं मांस मात्र त्याने कधी चाखलेलं जोसेलिनने पाहिलं नाही. ११८७ मध्ये सलाहुद्दीनने जेरुसलेम जिंकल्याची बातमी आल्यावर तर त्याने मांस पूर्ण सोडलं आणि अंगावर केसाळ, खरबरीत वस्त्र घालू लागला. तरीही मांस आपल्या पुढ्यात वाढायला लावी, म्हणजे उरलेलं भिकाऱ्यांच्या वाट्याला जास्त जाईल. इथे भक्ती आणि व्यवहार वेगळे करून दाखवता येतात का बघा. मला आजवर जमलेलं नाही.

सत्तेचा चेहरा बघायचा असेल तर पवनचक्कीचा प्रसंग घ्या. हर्बर्ट नावाच्या वयस्कर डीनने, म्हणजे एका चर्च-अधिकाऱ्याने, बरीत स्वतःच्या जागेत पवनचक्की उभारली. इंग्लंडमधल्या पवनचक्क्यांच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. सॅमसनला कळलं तेव्हा तो इतका संतापला की घास उतरेना. चक्की पाडल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही अशी शपथ घेतली. हर्बर्ट धावत आला. म्हणाला, वारा काय कोणाच्या मालकीचा आहे, आणि मी फक्त माझं धान्य दळणार. सॅमसन म्हणाला, तुझे आभार मानतो, माझे दोन्ही पाय तोडले असतेस तर मानले असते तेवढेच. त्याचा मुद्दा सरळ होता: नगरवासी स्वतंत्र असल्याने त्यांना दुसरीकडे दळल्याबद्दल दंड करता येत नाही, ते सगळे तुझ्याकडे जातील आणि माझ्या चक्क्या बंद पडतील. हर्बर्टने मुलाच्या सल्ल्याने ॲबटची माणसं पोचायच्या आत स्वतःच चक्की उतरवून टाकली. ती आली तेव्हा पाडायला काही शिल्लक नव्हतं. आपल्याकडच्या इनामदारांच्या कथा वाचलेल्या माणसाला यातला राग लगेच ओळखता येईल.

आणि याच माणसाचा दुसरा प्रसंग. रिचर्ड राजा जर्मनीत कैदेत पडला, त्याच्या खंडणीसाठी देशभरातून चांदी-सोनं गोळा होत होतं. ज्याच्या नावाने हा मठ होता त्या संत एडमंडच्या समाधीवरचं सोनं काढावं का, असा प्रश्न निघाला. सॅमसनने उत्तर दिलं की मी चर्चचे दरवाजे उघडे ठेवतो, ज्याची छाती असेल त्याने यावं. कोणी आलं नाही. ११९८ मध्ये मेणबत्तीने समाधीपाशी आग लागली, थोडक्यात निभावलं. त्यानंतर समाधी नव्याने उंच बसवताना सॅमसनने रात्री मोजक्या मठवासीयांसमोर शवपेटी उघडली. संताच्या डोळ्यांना, नाकाला हात लावला, पायाची बोटं चाचपली. बाकीच्यांना झोपायला पाठवलं होतं, पण एकजण छतावर चढून वरून बघत होताच. हिशेबाच्या पुस्तकातला सॅमसन आणि पेटीपाशी गुडघे टेकलेला सॅमसन एकच आहे. त्याच्या लेखी मठाची जमीन ही एडमंडची जमीन होती. तिची एक पेनी बुडवणं म्हणजे संताला लुबाडणं.

याच तर्काची काळी बाजूही कादंबरीत आली पाहिजे, ती गाळू नका. १८ मार्च ११९० रोजी, झावळ्यांच्या रविवारी, बरीमध्ये ५७ ज्यूंची कत्तल झाली. त्याच वर्षी सॅमसनने राजाची परवानगी काढून उरलेल्या ज्यूंना गावाबाहेर घालवलं. गावात राहणाऱ्याने एडमंडचा माणूस असलं पाहिजे, ज्यू राजाचे आहेत, असा त्याचा युक्तिवाद. जोसेलिन हे त्याच्या सत्कृत्यांच्या यादीत लिहितो, पापणीही न लववता. मठाची जुनी कर्जं कोणाकडून होती हे लक्षात घेतलं की या युक्तिवादामागे आणखी काय होतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

मठवासीयांशी त्याचं नातं हा मला सर्वांत रसाळ भाग वाटतो. चांगल्या मठवासीयापेक्षा चांगल्या अधिकाऱ्याचं तो जास्त कौतुक करी आणि हे त्यांना बोचे. कोठावळ्याच्या खात्यात तूट आली तेव्हा त्याने ते खातं आपल्या हाती घेऊन तिथे बाहेरचा कारकून बसवला. मठवासीयांना हा घरातला अपमान वाटला. पुढे एका द्वारपालाचा शिधा मठवासीयांनी कापला, सॅमसनने तो पुन्हा चालू करायला सांगितलं, आणि त्यावरून इतकं पेटलं की मठवासीयांच्या चाकूंची भीती वाटते म्हणत ॲबट मठ सोडून निघून गेला. परत आला, काहींना बहिष्कृत केलं, कैदेत टाकलं, मग सगळ्यांसमोर रडला, सगळे रडले, शांतीचं चुंबन झालं. त्याच संध्याकाळी त्याने गुपचूप त्या द्वारपालाचा शिधा चालू करायला सांगितलं. मठवासीयांना कळलं, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. एवढ्या एका संध्याकाळवर तुमचं अख्खं प्रकरण उभं राहू शकतं.

आतापर्यंतचं व्यवहारात वापरायचं झालं तर: पात्राला तीन दडपणं द्या, राजाचं, मठवासीयांचं आणि संताचं, आणि प्रत्येक प्रसंगात त्यांतली दोन एकमेकांवर आदळू द्या. त्याला ध्यानस्थ बसवू नका, तेवढी सवड त्याला नव्हती. सॅमसनने स्वतः जोसेलिनला सांगितलं होतं की वर्षाला पाच-सहा मार्क मिळून शिकत राहता आलं असतं तर आपण ना मठवासी झालो असतो, ना ॲबट. आणि मठातच राहायचं होतं तर पुस्तकांचा रखवालदार व्हायला आवडलं असतं. हे वाक्य पात्राच्या तोंडी मात्र उशिरा घाला, पहिल्या प्रकरणात ते रडगाणं वाटेल.

शेवटाबद्दल विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण तो सहज हाताशी आहे. सॅमसन ३० डिसेंबर १२११ रोजी वारला. तेव्हा जॉन राजा आणि पोप यांच्या भांडणामुळे सगळ्या इंग्लंडवर धर्मबंदी होती, रीतसर अंत्यविधी बंद होते. ज्याने आयुष्यभर मठाची इंच इंच जमीन राखली त्याला आधी अपवित्र जमिनीत पुरावं लागलं, आणि १२१४ मध्ये बंदी उठल्यावर सभागृहात आणलं. पुढचा ॲबट ह्यू ऑफ नॉर्थवोल्ड १२१३ मध्ये निवडला गेला, पण मठात दोन तट पडले आणि जॉनने मान्यता दिली ती थेट जून १२१५ मध्ये, मॅग्ना कार्टाच्या दिवसांत. इतका काळ ॲबटची थैली कोणाच्या हातात होती, हे आता तुम्हीच ओळखाल.